ओनोरीनमावशींची किल्ली

"बारा म्हणजे बारा! खुद्द पोप आत बसलेले असोत, बाराच्या ठोक्याला चर्चला कुलूप लागणार, ते दोनलाच उघडणार!" ओनोरीनमावशींनी चौकात छातीठोकपणे सांगितलं.

फ्रान्समधल्या रोकमाल गावचं चर्च आठशे वर्षांचं, आणि त्याची वीतभर किल्ली चाळीस वर्षं मावशींच्या एप्रनच्या खिशात. आज 'सुंदर गाव' पाटीसाठी दोन परीक्षक येणार होते. सरपंच मार्सेलँनी बजावलं होतं, "मावशी, आज चूक झाली तर उद्यापासून विजेचं कुलूप. किल्ली जमा!"

बाराचा ठोका पडला. आत कुणी आहे का, हे बघायचं मावशींना चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. बाराला माणूस जेवायला जाणार नाही तर कुठे? खटाक्! मावशी घरी, बदकाच्या रश्श्यासमोर.

दुसऱ्याच घासाला बंद चर्चमधून बाईचं मधाळ भजन!

"झेली, धाव गं! माता मरिया गातेय!"

शेजारीण झेली चमच्यासकट धावली. सगळी गल्ली गुडघ्यांवर! बेकरीवाल्याने पिठाच्या हातांनी डोळे पुसले आणि तो भुतासारखा दिसू लागला. तेवढ्यात पुरुषाचाही आवाज लागला.

"हा कोण गं?"

"संत जोसेफ! नवरा आहे, साथ देणारच!"

सरपंच धापा टाकत आले. "जेवण गार झालं, परीक्षक गायब, आणि तुम्ही इथे...!"

"अहो, उघडा हो! भूक लागलीय!" आतून हाक आली.

"मरियेला भूक?" झेली पुटपुटली. मावशींचा चेहरा मेणबत्तीसारखा पांढरा पडला.

मावशींनी दार उघडलं. दोघे परीक्षक, एक बाई आणि एक गृहस्थ, हसतच बाहेर आले. "हाका मारून दमलो, म्हणून गायलो. काय घुमतो हो आवाज! भूकच विसरलो होतो!" बाईंनी मावशींचा हात प्रेमाने दाबला आणि सगळे बदकाच्या वासामागे निघाले.

सरपंच मात्र तापलेलेच. "उद्या विजेचं कुलूप!" म्हणत ते परीक्षकांचे विसरलेले कागद आणायला आत शिरले.

मावशींनी डोळे पुसले. जेवणाची वेळ, उघडं दार, चाळीस वर्षांची सवय... खटाक्!

"मावशी! मी आत आहे!"

मावशी दचकल्या. हात खिशाकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"विजेचं कुलूप कधी बसवताय?"

"कधीच नाही! किल्ली तुमचीच! आता उघडा!"

"दोनला उघडते हं, रस्सा गार होतोय. तोवर म्हणा काहीतरी, आवाज छान लागतो आत!"