ॲक्शन खाली आणायची आहे

माझ्या हातात दुरुस्तीची कला जन्मजात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, मी उघडली नाही अशी वस्तू आमच्या गल्लीत नाही! उघडलेल्या किती परत बंद झाल्या, हा वेगळा विषय आहे आणि तो काढणारे लोक जळके असतात.

म्हणून आमच्या सरिताची बोटं गिटार वाजवताना दुखायला लागली, तेव्हा मी न बोलावता पुढे झालो.

सरिता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पंचेचाळिशी ओलांडल्यावर तिला गिटार शिकायची लहर आली. माझी बहीण सिंधूताई तर तोंडावर म्हणाली, "या वयात गिटार? पेटी तरी शिकायची होती वं!" सरिताने ऐकून घेतलं, क्लास लावला आणि वर्षभर रोज ड्यूटीवरून आल्यावर तारा दाबत बसली. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या कार्यक्रमात महिला मंडळाने तिला एक गीत वाजवायला दिलं होतं. एकच! पण चार लोकांसमोर ती पहिल्यांदा वाजवणार होती, आणि त्या एका गीतासाठी तिने आमच्या घरात दुसरं काही वाजू दिलं नव्हतं.

"बोटं दुखून राहिले ना?" मी म्हणालो. "गिटारची ॲक्शन हाय झाली."

"म्हंजे?"

"म्हंजे तारा गिटारच्या मानेपासून उंच गेल्या. मंग दाबायले जोर लागते. मी खाली आणून देतो."

सरिता माझ्याकडे बघत राहिली. इंजेक्शनला घाबरणाऱ्या पेशंटकडे ती अशी बघत असावी. "राहू द्या," ती म्हणाली. "क्लासच्या सरले दाखवीन मी."

आता क्लासच्या सरांना काय येतं? ते फक्त वाजवतात!

दुसऱ्या दिवशी सरिता ड्यूटीला गेल्यावर मी मोबाइल उभा करून ठेवला आणि एका दाढीवाल्या परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला. गिटारच्या मानेत आतून एक लोखंडी सळई असते, ती पान्याने पिळली की मान सरळ होते, असं तो शांतपणे सांगत होता. "थोडंसंच फिरवा," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पण त्याचं थोडंसं आणि नागपूरचं थोडंसं यात फरक आहे. आमच्याकडे थोडंसं तिखट खाल्लेला पाहुणा दोन दिवस नळापाशीच बसतो. मी नागपूरच्या हिशेबाने फिरवलं. आतून 'कट्' असा आवाज आला. सेट झालं, मी म्हटलं!

मग तारांच्या खाली एक पांढरी पट्टी असते, ती पॉलिश पेपरने घासली. जितकी घासावी तितक्या तारा खाली येतात. मला घासायचा कंटाळा कधीच नव्हता. तारा पुन्हा चढवल्या, ऐटीत हात फिरवला, आणि गिटारमधून कढईत फुटाणे उडावेत तसा आवाज आला. सहाच्या सहा तारा मानेला टेकून झर्र झर्र करत होत्या!

सरिता घरी येण्याआधी मी गिटार पिशवीत घातली. तिला सांगितलं, "तुझंच ऐकलं. देऊन आलो सरांकडे." ती इतकी खूश झाली की तिने मला न मागता चहा दिला. तो मी तिच्याकडे न बघता प्यालो.

गिटार खरं तर मी सदर भागातल्या विक्कीकडे टाकली होती. विक्कीच्या पाटीवर 'सर्व वाद्यांची दुरुस्ती' असं लिहिलं आहे, पण दुकानात वाद्यांपेक्षा मोबाइलची कव्हरं जास्त. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, कानात हेडफोन. त्याने गिटारच्या भोकात टॉर्च मारला.

"सर, इसको कूलर के सामने किसने रखा था?"

मीच ठेवली होती. मे महिन्यात जिथे माणूस उकडून निघतो, तिथे बिचाऱ्या लाकडाने काय करावं? मी रोज कूलरमध्ये पाणी भरून तिला समोर उभी करायचो.

"पानी पी पी के पेट फूल गया ना इसका! इसलिए तो ॲक्शन ऊपर गया. और ये रॉड किसने मरोडा? पट्टी किसने घिसी?"

"घरात येतं-जातं कोणीतरी," मी म्हणालो.

म्हणजे रोग मीच लावला होता आणि औषधही मीच दिलं होतं. पण हे सरिताला सांगायची काही गरज होती का? विक्की म्हणाला, हो जायेगा. मी सुटलो.

खरी गडबड झाली ती ऑफिसात. आमचं ऑफिस सरकारी, आणि आमच्या हॉलमधला कूलर म्हणजे पिठाची गिरणी. त्याच्यासमोर कुजबुजायचं असेल तरी ओरडावं लागतं. भर दुपारी विक्कीचा फोन आला.

"हां विक्की!" मी ओरडलो. "ॲक्शन पूर्ण खाली आली पाहिजे! ... मॅडमला अजिबात त्रास नको! मॅडम खूश तर सगळे खूश! ... मान सरळ झाली? वा! ... नाही, आवाज दबायला नको! ... हो, सेटिंग पक्की कर, पौर्णिमेच्या आत! ... आणि कोणाला बोलू नको बरं!"

फोन ठेवून बघतो तर शेजारच्या टेबलावरचा गिरिधर माझ्याकडे देव दिसल्यासारखा बघत होता.

गिरिधरची त्या वेळची परिस्थिती सांगायला हवी. मौद्याच्या कामावर पाहणीला जातो, असं ऑफिसात सांगून हा पठ्ठ्या खाप्याला साळ्याच्या वरातीत नाचायला गेला. बरं, गेला तर गेला, नाचतानाचा व्हिडिओ स्वतःच्याच स्टेटसला टाकला! आमच्या साहेब लतिका मॅडम यांनी तो पूर्ण पाहिला. लतिका मॅडम ऑफिसचा चहासुद्धा पीत नाहीत, घरून थर्मास आणतात. त्यांनी गिरिधरवर खात्याची कारवाई सुरू केली होती. आमच्याकडे कारवाईला कोणी कारवाई म्हणत नाही. ॲक्शन म्हणतात. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं!

गिरिधर स्टूल ओढून जवळ आला. "आनंदराव, हा विक्की कोण आहे गा?"

"सदरला बसते. सेटिंगमधला बाप माणूस!"

"ॲक्शन खरंच खाली आणते?"

"कितीही हाय असू द्या. काहून, तुमची पण हाय आहे का?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "लय हाय आहे, भाऊ. जेवण जाऊन नाही राहिलं."

मी थक्क झालो. हा माणूस घरात गिटार वाजवतो आणि इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही! "लपवून ठेवलं ना लेका! बरं, मान कशी आहे? वाकली का?"

"मान तर सगळ्या ऑफिससमोर खाली गेली."

"मग पिळावी लागते. विक्की आतून बरोबर पिळते."

गिरिधरचा चेहरा उतरला. "पिळते? दुखत असन ना?"

"दुखते ते आता दुखते. एकदा पिळली की आरामच आराम! फक्त तार कोणती लावायची ते पहिले ठरवा. बारीक लावली तर काम सोपं होते, पण वजन नाही पडत. जाड तारेचं वजन पडते."

"जाडच लावा," गिरिधर हात जोडून म्हणाला. "डायरेक्ट वरपर्यंत पोचली पाहिजे."

"वरपासून खालपर्यंतच असते ती!"

"मी तुमचं नाव सांगू का त्याले?"

"बिनधास्त सांगा! दोन कलाकार एका ऑफिसात, काय योग आहे!"

त्याने माझे पाय धरले. रियाजाची एवढी तळमळ मी क्वचितच पाहिली होती.

संध्याकाळी गिरिधर विक्कीच्या दुकानात पोहोचला. पुढचं मला नंतर दोघांकडून कळलं. गिरिधर म्हणाला, "आनंदरावांनी पाठवलं. ॲक्शनचं काम आहे." विक्कीने कानातला हेडफोन काढायचेही कष्ट घेतले नाहीत. गिटारची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "हो गया काम. ये ले जाओ, मॅडम को दे दो. हात लगाते ही खुश हो जायेगी."

विक्कीची मॅडम म्हणजे सरिता. गिरिधरच्या आयुष्यात मॅडम एकच!

"बस, इतकंच?" त्याने विचारलं.

"इतनाच तो काम था."

त्याने ती पिशवी स्कूटरवर पुढे उभी केली, आणि सरळ सिव्हिल लाइन्सला लतिका मॅडमच्या बंगल्यावर गेला. मॅडम बाहेर होत्या. घरकाम करणाऱ्या कांताबाईंच्या हातात गिटार देऊन म्हणाला, "मॅडमले सांगजा, गिरिधरने दिली. तेवढी ॲक्शन खाली आणायची आहे म्हणा."

पौर्णिमेच्या सकाळी सरिता पांढरी साडी नेसून तयार झाली. "आणता ना गिटार?" मी शीळ घालत विक्कीकडे गेलो.

"वो तो आपका आदमी ले गया," विक्की म्हणाला. "टकला. रोने जैसा मुँह था."

मी गिरिधरला फोन लावला. आवाजात नुसता उत्साह! "पोचवली भाऊ! मॅडमच्या घरी! आता पाहा ॲक्शन कशी खाली येते!"

"कोणत्या मॅडमच्या घरी?"

"आपल्या मॅडमच्या! दुसऱ्या कोणत्या आहेत?"

मला रस्त्यावरच घेरी आली. ऊन होतं हे खरं, पण ती उन्हाची नव्हती.

सरिताला सगळं सांगावं लागलं. कूलर, पाना, पॉलिश पेपर, सगळं! मला वाटलं ती भांडेल. ती पलंगावर बसली आणि डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरवत राहिली. टोकं घट्ट झाली होती, टाचेसारखी.

"मी काही मोठी वाजवणारी नाही," ती म्हणाली. "एक गाणं वाजवायचं होतं फक्त. तेवढंही होऊ नाही दिलं तुमी."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची फार लाज वाटली. मग ती एकदम उठली. "चला मॅडमकडे!"

मॅडमच्या बैठकीत गिटार पांढऱ्या कापडात शिवून ठेवली होती. शिवणीवर लाखेचं सील! शेजारी गिरिधर उभा. त्याला मॅडमनी आधीच बोलावलं होतं.

"हा लाच देण्याचा प्रकार आहे," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी हे वर जाईल."

"मॅडम, गैरसमज झाला," मी म्हणालो. "मला फक्त ॲक्शन कमी करून हवी होती."

"म्हणजे कबूल आहे?"

"नाही! सेटिंग तर विक्कीने केली!"

"हा विक्की दलाल आहे का?"

"मॅडम, मी निमित्तमात्र आहे!" गिरिधर पुढे सरसावला. "हे आनंदराव भर ऑफिसात ओरडून सेटिंग करत होते. मी साक्ष द्यायले तयार आहो!" कालच या माणसाने माझे पाय धरले होते. आज त्याने मला धरलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात सरिताने मला बाजूला केलं आणि डावा हात मॅडमसमोर धरला.

"मॅडम, हे बोटं पाहा. लाच द्यायसाठी कोणी वर्षभर असे बोटं करून घेते का? गिटार माही आहे. सील तोडा, मी वाजवून दाखवीन. नाही वाजली तर या दोघांले आत टाका, मी काही नाही म्हणणार."

हे "दोघांले" मला जरा लागलं. पण मॅडमनी पुढे वाकून ती बोटं निरखून पाहिली. मग त्यांनी कांताबाईंकडून कात्री मागवली.

सरिताने तिथेच सोफ्याच्या कडेला बसून दोन ओळी वाजवल्या. झर्र नाही, फर्र नाही. बोट नुसतं टेकवलं की स्वर निघत होता, गोल आणि स्वच्छ. विक्कीने हाडाची नवी पट्टी बसवली होती, आणि तारा सरिताच्या हाताला सोसतील अशाच लावल्या होत्या. मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

"कार्यक्रम किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं. "गिटार मीच घेऊन येते. या दोघांच्या हातात मी ती देणार नाही. आणि तुम्ही दोघं, सोमवारी माझ्या केबिनमध्ये या."

संध्याकाळी विहार भरलं होतं. मॅडम स्वतः गिटार मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आणि सरिताचं नाव पुकारल्यावरच त्यांनी ती तिच्या हातात दिली. सरिताचा पहिला स्वर थोडा कापला. दुसरा कापला नाही. पुढे मी काही ऐकलं नाही म्हणा, कारण माझं नाक वाहायला लागलं होतं. गीत संपलं तेव्हा सगळ्यात आधी सिंधूताई उठून उभी राहिली आणि शेजारणीला सांगायला लागली, "माही वहिनी आहे ते! मीच म्हटलं होतं, गिटार शिक म्हणून!"

टाळ्या थांबेनात. मंडळाच्या अध्यक्ष कुसुमताईंनी सरिताच्या हातात माइक दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आधीच शर्ट नीट करून मान ताठ ठेवली. एवढ्या लोकांसमोर बायको नवऱ्याचं नाव घेणार, हे काय सांगावं लागतं?

"ज्यांनी गिटार दुरुस्त केली त्या विक्कीभाऊचे आभार," सरिता म्हणाली. "ज्यांनी आणून दिली त्या मॅडमचे आभार. गिरिधरभाऊचेही आभार, घर चुकलं पण गिटार फुटू नाही दिली. आणि आमच्या ह्यांचे खास आभार. परवापासून ते माह्या गिटारजवळ फिरकले नाहीत, म्हणून ते वाजली!"

विहार हसून हसून हललं. पहिल्या रांगेत मॅडमसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी उठून चारी दिशांना नमस्कार केला. दुसरं काय करणार? आभार तर मानलेच होते ना, तेही खास!