सव्वादहाची ऊब

बन्सी ओव्हाळच्या तळपायांना ऊब लागायला सुरुवात झाली ती एका सोमवारी, सकाळी सव्वादहा वाजता. तेव्हा तो दूध संस्थेच्या कचेरीत, त्याच सकाळी खिडकीच्या झळा चुकवायला आत सरकवलेल्या टेबलाशी बसून ग्रामपंचायतीला बोअरबद्दलचा अकरावा अर्ज लिहीत होता. चपला दाराबाहेर होत्या. दुधाच्या जागी चपला घालून यायचं नाही, हा संस्थेचा एकच नियम असा होता की जो चेअरमनपासून गवळ्यापर्यंत सगळे पाळत. अनवाणी पाय शहाबादी फरशीवर टेकलेले, आणि एकाएकी खालून कुणीतरी शेक देतंय असं वाटायला लागलं. बन्सीनं वाकून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. दहा मिनिटांनी ऊब आली तशी निघूनही गेली.

मंगळवारी सव्वादहाला ती परत आली. बुधवारीही आली. बन्सी घाबरला, कारण त्याच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा त्याचीही सुरुवात पायापासूनच झाली होती.

"पाय गरम होतेत म्हंजी?" बायको मालनबाईनं विचारलं. "मे म्हयना हाय. समद्यांचेच होतेत."

"घड्याळ लावून होतेत का समद्यांचे?"

गुरुवारी तो लिंबागणेशच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं तळपायाला टाचणी टोचली, बन्सी ओरडला, डॉक्टर म्हणाला, "पाय उत्तम आहेत. टेन्शन कमी करा."

टेन्शन तर होतंच, पण ते कमी करणं डॉक्टरच्या हातात नव्हतं. दुष्काळाचं ते सलग तिसरं वर्ष. गावाला एक टँकर यायचा, तो वेशीजवळच्या आडात ओतायचा, आणि बौद्ध वस्तीतल्या बायांचा नंबर लागेपर्यंत आडात नुसता गाळ उरायचा. मालनबाई तो गाळ फडक्यानं गाळून घरी आणायची. पंचायतीला एकच बोअर मंजूर झाला होता, आणि बोअरची गाडी पुढच्या शुक्रवारी येणार होती. बोअर वस्तीत, विहाराच्या मागं पडावा म्हणून बन्सीनं दहा अर्ज दिले होते. दूध संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांचं मत असं होतं की सार्वजनिक हिताचा विचार करता तो त्यांच्या मोसंबीच्या बागेत पडावा, कारण तिथं राखण चांगली होते. पंचायतीतली माणसंही त्यांचीच असल्यामुळे हे मत जरा वजनदार होतं.

वजन वाढायला आणखी एक कारण घडलं होतं. तहसीलसमोर भाषण करता करता अर्जुनरावांना भरून आलं आणि ते बोलून गेले, "गावाला दुसरा टँकर मिळेस्तोर हा अर्जुनराव अंगाला पाणी लावनार न्हाई!" टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी न्हाणीघराला कुलूप ठोकलं, कुलपाला झेंडूचा हार घातला आणि त्याचा फोटो पेपरात छापून आणला. त्याला आता एकेचाळीस दिवस झाले होते. एवढ्या उन्हाळ्यात एकेचाळीस दिवस, पण अर्जुनरावांच्या अंगाला वास म्हणून नव्हता. "तपाचं बळ हाय," असं बाया म्हणायच्या. रोज दुधाची गाडी गेली की अर्जुनराव कचेरीतल्या आपल्या केबिनमध्ये शिरत, आतून कडी लावत आणि अर्धा तास गावाच्या पाण्याचं चिंतन करत. तेवढ्या वेळात हाक मारायची नाही, असा सेक्रेटरीला, म्हणजे बन्सीला, सक्त हुकूम होता.

बन्सीनं पायाची गोष्ट फक्त मालनबाईला सांगितली होती. तिनं ती फक्त चतुराबाईला सांगितली, तीही टँकरच्या रांगेत. शनिवारी सकाळी धुळाजी कचेरीच्या दारात उभा राहिला.

धुळाजी पानाड्या. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालायचा आणि नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी आहे म्हणून सांगायचा. गावातले आधीचे तिन्ही बोअर त्याच्याच नारळावर पाडले होते आणि तिन्हींतून धुरळा निघाला होता. बन्सी भर गावसभेत म्हणाला होता की नारळाला पाणी कळत असतं तर पाणी विकणाऱ्यांनी नारळच विकले असते. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"ऊठ," धुळाजी म्हणाला. "मला बसू दी."

सव्वादहा झाले. धुळाजीनं डोळे मिटले, आणि पुढच्याच मिनिटाला तो खुर्चीतून ताडकन उठला.

"धार हाय! बन्सी, तुज्या पायाला धार घावली बे! खालून जित्ती धार चाललीय!"

"धुळाजीबाबा, मी असलं काय मानत न्हाई."

"तू नको मानू. तुज्या पायानं मानलंय ना!"

दुपारपर्यंत गाव गोळा झालं. ज्या माणसानं वीस वर्षं अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं केली, त्याच्या खुर्चीला साखराबाईनं हळदकुंकू लावलं. बन्सीनं ते पुसलं, तर तिनं पुन्हा लावलं. तेलगावचा एक पाव्हणा आपल्या शेतातला पॉइंट काढून देता का म्हणून विचारून गेला. सोमवारी सगळ्यांनी मिळून खात्री करायची आणि कचेरीतली फरशी फोडून बोअर तिथंच घ्यायचा, असं ठरलं. बन्सीला हे पटत नव्हतं, पण मोसंबीच्या बागेपेक्षा गावाचा मध्य बरा, म्हणून तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याची त्याला स्वतःलाच लाज वाटली.

अर्जुनरावांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "फरशी फोडायची न्हाई! संस्थेची मालमत्ता हाय!" असं ते दोनदा ओरडले, आणि बागेचा लोभ सुटत नाही म्हणून ओरडतात, असा लोकांनी अर्थ लावला.

सोमवारी सव्वादहाला दीडशे माणसं कचेरीबाहेर उभी होती. अर्जुनराव आज चिंतनाला न जाता सर्वांच्या पुढं खुर्ची टाकून बसले होते. बन्सीनं पाय टेकले. फरशी गार. साडेदहा झाले, अकरा झाले. धुळाजी बसला, साखराबाई बसली, पाव्हणा बसला. फरशी गारच.

"बघितलं?" अर्जुनराव उठले. "सेक्रेटरीचे पाय आन पानाड्याचा नारळ, दोनी सारकेच. बोअर बागंत. शुक्रवारी गाडी डायरेक तिकडंच जाईल."

"धार रुसली," धुळाजी पुटपुटला. "सरकली कुटंतरी."

आठवडाभर ज्या उबेला तो भीत होता, तीच आता परत यावी म्हणून तो मंगळवारी सव्वादहाला टेबलाखाली पाय घासत बसला. बुधवारीही बसला. अर्जुनराव दोन्ही दिवस बाहेर ओट्यावरच होते. चिंतनाची आता गरज उरली नाही, असं ते म्हणत.

बुधवारी संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बाया चेअरमनपासून चार हात लांब उभ्या राहिल्या. गुरुवारी सकाळी त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि कॅन लांबूनच आत सरकवू लागल्या. अर्जुनरावांच्या अंगाला वास यायला लागला होता, आणि तो साधासुधा नव्हता.

"तपाचं बळ सरलं म्हनायचं," चतुराबाई नाकाला पदर लावून म्हणाली.

मालनबाईनं घरी येऊन बन्सीच्या हातात भाकरी दिली. मग म्हणाली, "आवो, एक इचारू का? चेअरमन केबिनीत बसायचे तवर तुमचे पाय गरम. ते भायेर बसाया लागले, तुमचे पाय गार. हे पाय तुमचे हायेत का त्यांचे?"

"म्हंजी?"

"आन एकेचाळीस दिस त्यांना वास कावून येत न्हवता? कालपासूनच कावून याया लागला?"

बन्सीनं हातातली भाकरी खाली ठेवली. चेअरमनच्या केबिनला लागून एक खोली होती. सरकारी अनुदानातून बांधलेली, वर पाण्याची टाकी, आत गिझर. कागदावर तिचं नाव 'कॅन निर्जंतुकीकरण कक्ष' असं होतं आणि ते नाव बन्सीनंच लिहिलं होतं. आजवर तिथं एकही कॅन गेला नव्हता, त्यामुळे गाव ती खोली विसरून गेलं होतं आणि बन्सीही विसरला होता. तिच्या मोरीचा पाइप पुढच्या शोषखड्ड्यात सोडलेला होता, आणि जवळचा रस्ता म्हणून गवंड्यानं तो कचेरीच्या फरशीखालून, बन्सीनं त्या सोमवारी टेबल सरकवलं नेमक्या त्याच जागेखालून नेला होता.

तो तसाच उठून कचेरीत गेला. अर्जुनराव केबिनमध्ये पंख्याखाली बसले होते. बन्सी दारातच थांबला, थोडा आदरानं आणि थोडा वासानं.

"साहेब, उद्या बोअरची गाडी येतीय."

"म्हाईत हाय. बागंत जाईल."

"तालुक्याचा एक फॉरम भरायचाय. निर्जंतुकीकरण कक्ष वापरात हाय का न्हाई म्हनून."

अर्जुनरावांनी पंखा बारीक केला.

"काय लिवनार हायेस बे?"

"खरं लिवावं म्हनतो. वापरात हाय. रोज, सव्वादहाला."

अर्जुनरावांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत न्हाणीघराचं कुलूप होतं, कुलपाला हार होता, शेजारी ते स्वतः हात जोडून उभे होते. मग अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "बन्सी, सध्या तुज्या पायाला कुटं ऊब लागती?"

"विहाराच्या मागं, साहेब. लई लागती."

शुक्रवारी भर दुपारी अर्जुनरावांनी गावासमोर जाहीर केलं की आपण बागेचा त्याग करत आहोत आणि धार सरकलेली असल्यामुळे सेक्रेटरीचे पाय सांगतील तिथं बोअर पडेल. बन्सीला अनवाणी चालावं लागलं. मे महिन्यातली तापलेली मुरमाड जमीन, विहाराच्या मागं पोचेपर्यंत त्याचे तळपाय भाजून निघाले. "लागती का रं ऊब?" धुळाजीनं विचारलं, आणि बन्सीला खोटं बोलायची गरजच पडली नाही. धुळाजीच्या हातावरचा नारळही लगेच उभा राहिला. त्याला तरी दुसरं काय करता येणार होतं?

दोनशे वीस फुटांपर्यंत नुसता धुरळा उडत होता. एवढी लबाडी करून कोरडा बोअर निघाला असता तर वस्तीला तोंड दाखवायची सोय नव्हती. दोनशे चाळीसला गाडीचा आवाज बदलला, पाइपातून आधी चिखल उडाला आणि मग गढूळ पाण्याचा लोट माणसाच्या डोक्यावर गेला. पोरं त्याखाली नाचली. मालनबाईनं पहिली घागर भरली आणि तिला फडकं न लावता ती सरळ डोक्यावर घेतली. ते बघताना बन्सीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. बायांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. तो म्हणत होता, "आवो, हे खडकाचं काम हाय, माज्या पायाचं न्हाई," आणि कुणी ऐकत नव्हतं.

पंधरा दिवसांत तहसीलचं पत्र आलं. गावात पाण्याची सोय झाल्यामुळे चालू टँकर बंद करण्यात येत आहे. अर्जुनरावांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, केबिनमध्ये शिरले आणि आतून कडी लावली.

मालनबाई त्या सकाळी बन्सीचा डबा घेऊन कचेरीत आली होती. तिनं चपला दाराबाहेर काढल्या, समोरच्या बाकावर बसली आणि टेबलाखाली पाय टेकवले. घड्याळात सव्वादहा झाले. तिनं हळूच बन्सीकडे पाहिलं.

"आली की वो."

"रोज येती."

"पर आता तर चिक्कार पानी हाय. मग उघड आंगुळ कावून करत न्हाईत ते?"

"शपथ हाय. दुसरा टँकर आल्याबिगर कशी सुटंल?"

"पयलाच बंद झालाय."

"तेच की."

केबिनमधून पाणी पडल्याचा बारीक आवाज येत होता. मालनबाईनं पाय आणखी पुढं सरकवले.

"असू द्या," ती म्हणाली. "थंडीत बरं पडंल."