जागा ठेवा

शांतवनमास्तरांनी काढलेल्या फोटोत माणूस कधी मधोमध दिसायचा नाही. नवरा-नवरी असोत, पाटील असोत, नाहीतर कुणाचा लाडका बैल असो, सगळे एका कडेला चिकटलेले आणि अर्धी चौकट मोकळी. "जागा ठेवा," मास्तर बोट नाचवत म्हणायचे. कुणासाठी, असं कुणी विचारलंच तर शांतपणे सांगायचे, "येईल की कुणीतरी."

असलं ऐकून लोकांच्या अंगावर काटा यायचा. माझ्या नाही. सोनईच्या पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. जे चालत नाही ते उघडायचं आणि आत काय झिजलंय ते बघायचं, एवढंच मला कळतं. मास्तर माझे शेजारी, मधे एक भिंत. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले. पांढरा कोट, काळी टोपी. बायको, राहेलबाई, सात वर्षांपूर्वी गेलेल्या, मूलबाळ नाही. दुकानात आले तरी बाकाच्या अगदी टोकाला बसायचे. "अहो मास्तर, पडाल की!" मी ओरडायचो. "असू द्या, जागा असू द्या," ते म्हणायचे आणि तिथंच टेकून राहायचे.

त्यांचा कॅमेरा म्हणजे एक काळी पेटी, विलायतेला परत जाताना कुणा मडमेनं दिलेली. एक फोटो काढला की बाजूची चावी फिरवून आतली फिल्म पुढं सरकवायची. किती सरकली ते मागच्या लाल काचेत आकड्यावरून कळायचं; पण ती काच कधीचीच फुटलेली, तिथं मास्तरांनी काळं कापड डकवलेलं. म्हणून ते चावीचे फेरे मोठ्यानं मोजायचे, "एक... दोन... अडीच." मग पेटीला कान लावायचे आणि हळूच म्हणायचे, "सरकली." फिल्म मात्र पुरती सरकत नसे. मागच्या फोटोच्या मोकळ्या भागावर पुढच्या फोटोची कड येऊन बसायची. जागा ठेवायची ती त्यासाठी. हे ते कुणाला समजावून सांगत नसत, एवढंच.

लढाईचे दिवस, फिल्म मिळायची मारामार, आणि गावात दुसरा फोटोवाला नाही. त्यामुळं लोक चालवून घ्यायचे. आमच्या वाण्याच्या फोटोत त्याच्या शेजारी गवळ्याची म्हैस आली, तर वाण्यानं तो फोटो दुकानात टांगला. म्हशीचा चेहरा वाण्यापेक्षा जास्त व्यवहारी आला होता, असं माझं मत होतं आणि ते मी बोलूनही दाखवलं.

घात केला तो पेठेतल्या भागूबाईंच्या फोटोनं. आदल्या दिवशी कोंडिबा सुतार वारला होता. जिवंतपणी त्याचा एकही फोटो नव्हता, म्हणून पोरांनी त्याला फेटा बांधून दारात खुर्चीवर बसवलं आणि मास्तरांना बोलावलं. तशी रीतच होती तेव्हा. त्याच रिळावरचा पुढचा फोटो भागूबाईंचा. धुऊन आला तेव्हा कोंडिबा डोळे मिटून बाईंच्या खांद्याला खांदा लावून बसलेला, आणि त्याचा हात, देवाशप्पथ सांगतो, बाईंच्या गुडघ्यावर.

"आरं, म्यां ह्याच्यासाठी जागा ठिवली हुती व्हय?" भागूबाई माझ्या दुकानात येऊन किंचाळल्या. "लई वंगाळ हाय ती पेटी! आता ह्यो मला न्यायला यील!"

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. हिवतापाचे दिवस, निम्मं गाव फणफणत होतं, पण ऐकतो कोण! मास्तर माणसाशेजारी मढं बसवतात, असं गावभर झालं. भागूबाई आठ दिवसांत बऱ्या होऊन भांडायला लागल्या, तरी मास्तर दिसले की बायका दुसऱ्या गल्लीनं जायच्या. त्यांच्या दाराशी कुणी फिरकेना. मला असा संताप आला म्हणता! एका पेटीतल्या बिघाडापायी भल्या माणसाला वाळीत टाकता?

"आणा ती पेटी इकडं," मी मास्तरांना म्हटलं.

"राहू द्या," ते पेटी पोटाशी धरून म्हणाले. "सवय झालीय मला."

मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. एक वाया गेलेलं रीळ आत घातलं, झाकण उघडं ठेवलं आणि चावी फिरवली. चावी फिरे, पण रीळ मधेच थांबे. रिळाच्या खाचेत बसणारी चावीची जीभ झिजून पातळ झाली होती. जोर पडला की निसटायची. अडीच फेऱ्यांतला एखादा फेरा फुकट जायचा. हेच ते गावाचं भूत! पितळेची नखाएवढी पट्टी कापून मी जिभेवर घट्ट बसवली. मास्तरांनी कान लावला. "आवाज बदलला," एवढंच म्हणाले.

त्यानंतर शाळेतल्या शिक्षकांचा फोटो निघाला. सगळे मधोमध, स्वच्छ. भागूबाईसुद्धा पुन्हा बसल्या आणि फोटोत एकट्याच आल्या. मी आठ दिवस पेठेत छाती काढून हिंडलो.

मग एका दुपारी मास्तर आले आणि पेटी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "घड्याळवाले, एवढं परत बिघडवून द्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी भडकलो. "लोक आत्ता कुठं येऊ लागलेत!"

त्यांनी कोटातून एक फडकं काढून सोडलं. आत फोटो. सगळ्यात जुन्यात मास्तर आणि राहेलबाई अंगणातल्या बाकावर बसलेले, मधे हातभर अंतर.

"छान आलाय," मी म्हटलं.

"आम्ही असे बसलोच नव्हतो," मास्तर म्हणाले. "तिचा मी काढला, माझा तिनं. दोघांचा काढायला तिसरं होतं कोण? या पेटीनं आम्हाला एकत्र बसवलं."

बाकीचे सहा फोटो बाई गेल्यानंतरचे, दरवर्षी त्याच तारखेचे. आधी कबरस्तानात जाऊन बाईंच्या दगडाचा फोटो, मग लगेच घरी बाकावर बसून, पेटीच्या कळेला दोरी बांधून ती ओढून, स्वतःचा. एकाच चौकटीत मास्तर आणि शेजारी तो दगड. मी फोटो ओळीनं मांडले आणि माझा हात थांबला. पहिल्या साली दगड बाकाच्या पार टोकाला. पुढच्या साली जरा अलीकडं. मग आणखी अलीकडं. गेल्या सालच्या फोटोत तो मास्तरांच्या कोपराला टेकलेला. जीभ दरसाल झिजत गेली, फिल्म दरसाल कमी सरकली. कारण मला लख्ख दिसत होतं. तरी मानेवरचे केस उभे राहिले ते बसेनात.

"अजून दोन-तीन वर्षं," मास्तर म्हणाले, "मग एकाच जागी."

मग त्यांनी कोटातून आणखी दोन फोटो बाहेर काढले. "हे यंदाचे." एकात नुसता दगड. दुसऱ्यात बाकाच्या टोकाला बसलेला एक म्हातारा आणि शेजारी रिकामा बाक.

"ती तिकडं, मी इकडं," ते दोन्ही फोटो कडेला कड लावत म्हणाले. "असं कधी झालं नव्हतं हो. एक रीळ मिळालंय. तारीख टळली, पण ती समजून घेईल."

मला माझ्या हुशारीची लाज वाटली, हे इथं सांगूनच टाकतो. मी चिमट्यानं पट्टी उपसली, दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

कबरस्तानात रखरखीत ऊन होतं. वारा नव्हता, तरी दगडावर झुकलेली बाभळीची एकच फांदी हलत होती. मास्तरांनी दगडावरची पानं हातानं झाडली. "राहेल, जागा ठेव," म्हणाले आणि फोटो घेतला. मग चावी फिरवली. "एक... दोन... अडीच." कान लावून ऐकलं आणि समाधानानं मान हलवली.

घरी येऊन ते बाकाच्या टोकाला बसले. यंदा दोरी नव्हती, कळ मी दाबणार होतो. मी वाकून वरच्या चिमुकल्या काचेत पाहिलं. त्यात मास्तर होते आणि शेजारी रिकामी जागा. एवढंच होतं, दुसरं काही नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, जरा आणखी सरका. बाई अवघडून बसल्यात."

मास्तर लगेच सरकले.