ऑर्किडला खताचा नुसता वास

खताच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये! अंबडच्या बाजारात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि वाटूरकडच्या बागायतदारापासून केदारखेड्याच्या माझ्या सासऱ्यापर्यंत सगळे जण मोसंबीचं पान खिशात घालून माझ्याकडं येतात. मी पान उजेडाला धरतो, एक डोळा मिटतो आणि सांगतो, "जस्त कमी पडून राह्यलंय!" माणूस खूश होऊन थैली उचलतो. पान कशानं पिवळं पडलं हे मला दर वेळी कळतंच असं नाही; पण एक डोळा मिटला की समोरच्याला धीर येतो.

तर झाड कुठलंही असो, त्याला काय खाऊ घालायचं ते सर्जेरावाला विचारा! असं मी छाती पुढं काढून म्हणायचो. शहाण्णव सालापर्यंत.

त्या वर्षी माझा मेहुणा मच्छिंद्र फौजेतून सुट्टीवर आला. त्याची पोस्टिंग सिक्कीमकडं. येताना त्यानं आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, बेबीनंदाला, एक अजब वस्तू आणली. लाकडाचा एक ओंडका, त्याला सुतळीनं बांधलेली थोडी जाड पानं आणि खाली शेवयांसारखी लोंबणारी पांढरट मुळं!

"ऑर्किड हाय," मच्छिंद्र म्हणाला.

"माती कुठंय? रेल्वेत सांडली का?" मी विचारलं.

"दाजी, याला माती लागतच न्हाई. जंगलात झाडाच्या फांदीवर बसतं हे. मुळं हवेत."

"म्हंजे बांडगूळ!" आमच्या आईनं, गोजरबाईनं, निकाल दिला.

"न्हाई मावशी. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे बिचारं नुसतं बसतं. पाणी फवारत राहायचं."

"आणि खत?" माझे कान टवकारले.

"लई पातळ, दाजी! खताचा नुसता वास दाखवायचा!"

मी हसलो. आई मात्र गंभीरपणे मान हलवत होती. त्या मानेकडं मी तेव्हाच लक्ष द्यायला पाहिजे होतं.

बेबीनंदा गावातल्या कन्याशाळेत शिक्षिका. लग्न करून आली ती थेट खताच्या घरात. हंगामात आमची बैठकीची खोली अर्धी गोदाम असते. पाहुणा आला की युरियाच्या पोत्यांवर चादर टाकायची आणि त्याला सोफा म्हणायचं! त्या खोलीच्या खिडकीत तिनं ऑर्किड तारेनं टांगलं. शाळेतून आली की आधी त्याच्यावर फुसफुस पाणी मारायची, मग माझ्याकडं बघायची. मच्छिंद्रनं दिलेल्या पुडीतलं चिमूटभर खत बादलीभर पाण्यात टाकून ते पाणी कधीमधी शिंपडायची. ते बघून माझा जीव तुटायचा. एवढ्यानं मुंगीचं तरी पोट भरेल का?

"याला तुम्ही हात लावायचा न्हाई," तिनं बजावलं. "घरात एक तरी वस्तू तुमच्या दुकानाच्या बाहेरची असू द्या."

थंडीत त्या पानांमधून एक दांडा बाहेर आला आणि त्याला हरभऱ्याएवढ्या कळ्या लागल्या. बेबीनंदा अशी हरखली की विचारू नका! शाळेत बातमी गेली. मुख्याध्यापिका प्रभावतीबाई फूल बघायला रविवारी घरी येणार असं ठरलं. या बाई म्हणजे भयंकर कडक; त्या व्हरांड्यातून चालल्या की वर्गातले पंखेसुद्धा हळू फिरतात म्हणे!

पण मध्येच केदारखेड्याला भाच्याचं जावळ निघालं. बेबीनंदा माहेरी निघाली.

"रविवारी एसटीनं येतेच मी. तवर नुसतं पाणी मारा. दुसरं काही करू नका."

"बिलकुल नाही!" मी म्हणालो.

आणि खरं सांगतो, मला काही करायचं नव्हतं! पण शनिवारी दुकानात नव्या, पाण्यात विरघळणाऱ्या खताची नमुन्याची थैली आली. माझ्या डोळ्यांपुढं त्या हरभऱ्याएवढ्या कळ्या नाचायला लागल्या. त्यांची लिंबं झाली तर? बेबीनंदा चाट पडेल! प्रभावतीबाई विचारतील, "हे कुणी केलं?" आणि मी एक डोळा मिटून म्हणेन, "असंच आपलं, थोडंसं."

थैलीवर प्रमाण एकरी लिहिलं होतं. आता ऑर्किडचा एकर कसा काढायचा? मी अंदाजानं मूठभर खत बादलीत टाकलं. मग वर आणखी थोडं, कळ्यांच्या नावानं. मुळं लोंबतात ती पिण्यासाठीच असणार, म्हणून आख्खा ओंडका बादलीत बुडवला आणि निवांत दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाइकांच्या गर्दीत विसरलो. संध्याकाळी आठवण झाली तेव्हा काढून टांगला.

रविवारी सकाळी बघतो तर काय! मुळांवर खाऱ्या शेंगदाण्यासारखा पांढरा थर, शेंडे काळे आणि कळ्यांना कावीळ झालेली!

मी ओंडका कवटाळून शेजारच्या रामरावाकडं धावलो. रामरावाकडं एक म्हैस आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत आहे.

"इष पिल्यालं माणूस दवाखान्यात नेल्यावर काय करतात?" तो म्हणाला. "पोट धुतात! जल्दी धू याला!"

नळ कधी येईल ते नळालाच माहीत. मग रामरावाच्या गोठ्यातल्या हौदात धुवायचं ठरलं. त्यानं मोटार चालू केली. मी पाइपाखाली ओंडका धरला, खळाखळा पाणी वाहू लागलं. पांढरा थर निघाला. मला जरा हुरूप आला.

"ब्रशनं घासू का?" मी मागं वळून विचारलं.

तेवढ्यात हाताला हिसका बसला. म्हशीनं मान लांब केली, कळ्यांसकट दांडा जिभेनं गुंडाळला आणि कचाकच चावायला लागली!

"रामराव! खाल्लं!" मी ओरडलो.

"आरं देवा!" रामराव माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडला. "तुझं खत हिच्या पोटात गेलं की! दुधाला काही झालं तर?"

"माझं फूल गेलं!"

"माझी म्हैस जाईल!"

म्हैस मात्र आणखी आहे का म्हणून ओंडका हुंगत होती.

घरी आलो, मुंडकं छाटलेलं ऑर्किड खिडकीत टांगलं, त्याच्यावर टॉवेल टाकला, पडदा ओढला आणि हातपाय धुवून आलो. खोलीत कसला तरी वास येत होता म्हणे. पण खताच्या दुकानदाराच्या नाकाला वास कळत नसतो. इतक्यात दारात रिक्षा थांबली. बेबीनंदा, प्रभावतीबाई आणि शाळेतल्या कौसल्याबाई, तिघी एकदमच उतरल्या! बेबीनंदाची एसटी वेळेवर आली होती. एवढ्या वर्षांत नेमकी त्याच दिवशी!

प्रभावतीबाई युरियाच्या सोफ्यावर बसल्या आणि त्यांचं नाक थरथरलं.

"हा वास कशाचा?"

"ऑर्किडचा!" माझ्या तोंडून निघून गेलं. "जंगली जात आहे!"

बेबीनंदानं चमकून माझ्याकडं पाहिलं. प्रभावतीबाईंनी डोळे मिटून लांब श्वास ओढला.

"अस्सल आहे! अगदी रानातला. सगळ्यांना कळायचा न्हाई हा सुगंध."

"पहिल्यांदा उग्र वाटतो," कौसल्याबाई घाईघाईनं म्हणाल्या, "मंग गोड लागतो!"

"बघू तरी फूल!" म्हणत प्रभावतीबाई उठल्या आणि खिडकीच्या पडद्याला हात घातला.

"अवं बाई, पडदा सरकवू नका!" आतून आई धावत आली. "झाडाला वास दाखवून राह्यले मी! मच्छिंद्रच बोल्ला व्हता, खताचा नुसता वास दाखवायचा म्हून."

आणि तिनं पडद्यामागून घमेलं ओढलं. काठोकाठ शेण!

"आत्ताच आणलंय. ताजं हाय," आई अभिमानानं म्हणाली.

प्रभावतीबाईंनी ओढलेला श्वास तसाच छातीत राहिला. तो सोडावा कसा, हे त्यांना सुचेना. कौसल्याबाईंनी पदर तोंडात कोंबला.

बेबीनंदानं टॉवेल उचलला.

"दांडा कुठंय?"

"म्हशीनं खाल्ला," मी म्हणालो.

"म्हैस घरात आल्ती?"

"नाही. मी नेलं होतं. तिच्याकडं."

मग बादलीपासून सगळं सांगावं लागलं. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण ती टॉवेलची घडी घालत हळू आवाजात एवढंच म्हणाली, "फुलाचं जाऊ द्या. मी सांगून गेल्ते ना तुम्हाला?"

त्यापेक्षा तिनं घमेलं माझ्या डोक्यावर पालथं केलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात गिऱ्हाइकासमोर जीभ कशी चुरूचुरू चालते! इथं 'चुकलो' एवढं म्हणायलासुद्धा किती वेळ लागला. म्हणालो, पण तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

शेवटी प्रभावतीबाईंनीच श्वास सोडला आणि पानं चाचपून पाहिली.

"बेबीनंदाबाई, जीव आहे यात. उद्या शाळेत घेऊन या. माझ्या खोलीत चांगली खिडकी आहे. आणि खताचं दुकान न्हाई."

ऑर्किड शाळेत गेलं. बेबीनंदा माझ्याशी आठवडाभर आईच्या मार्फत बोलत होती. म्हशीला काही झालं नाही, पण रामराव अजून दूध पातळ झाल्याचा ठपका माझ्यावरच ठेवतो. पुढच्या थंडीत एका दुपारी बेबीनंदा शाळेतून आली ती हसतच. "आलं!" म्हणाली. "उद्या बघायला या."

मी इस्तरीचा शर्ट घातला, केस चापून बसवले आणि शाळेत गेलो. प्रभावतीबाईंच्या खोलीबाहेर कारभारी नावाचा शिपाई स्टुलावर बसला होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का ते सर्जेराव खतवाले?"

"हो, मीच!" मी ऐटीत म्हणालो.

तो उठला, दारात आडवा हात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मंग हितूनच बघा. आधी खिसे दाखवा, अन् आत पाय ठेवू नका. तुमच्या मॅडमचाच हुकूम हाय!"

फूल फार सुरेख जांभळं आहे म्हणतात. मला दारातून निळसर दिसलं.