कादरभाई आणि आकाशगंगांचा एक्स-रे

नेरमध्ये कोणाचं हाड मोडलं, तर स्वतःच्या हाडाआधी त्याला दोन आकाशगंगा बघाव्या लागतात. कादरभाईंचा तसा दंडकच आहे. ते एक्स-रे सेंटरचे टेक्निशियन, आणि माझं औषधांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून.

त्यांच्या लाइटबॉक्सवर डावीकडे एक फिल्म कायम लटकलेली असते. अंतराळात फिरणाऱ्या दुर्बिणीनं टिपलेला, एकमेकींवर आदळणाऱ्या दोन आकाशगंगांचा एक्स-रे. मोबाइलवर सापडला, तो कादरभाईंनी स्वतः फिल्मवर छापला. एकदा नवे आलेले डॉक्टर घाईत तो बघून म्हणाले, "दोन्ही फुप्फुसं खराब आहेत. पेशंट कुठाय?"

"लय दूर हाये साहेब. बसनं नाही येऊ शकत."

पेशंटला टेबलावर झोपवलं की भाषण सुरू. "आदळल्या म्हणून घाबरू नोका. तारे नाही भिडत एकमेकाले, मधात लय जागा हाये. भिडते तो वायू. थो दबला का नवे तारे जन्मतेत, हजारोनं! त्यातले मोठाले लवकर मरतेत, अन् मेल्यावर बाजूच्या ताऱ्याले ओढून खातेत. तवा एक्स-रे निंघते. जितके ठिपके जास्त, तितकं तिथं बाळंतपण जोरात. आता हालू नोका."

तांड्यावरच्या एका म्हातारीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण माहा हात मोडला का नाही?"

"मोडला ना आजी," कादरभाई उत्साहानं म्हणाले. "पण तारे झकास हायेत!"

गेल्या उन्हाळ्यात मला खोकला लागला. दुकानातल्याच बाटल्या पिऊन मी महिना ढकलला. भिंतीपलीकडून ते ऐकत असावेत. एक दिवस भर गिऱ्हाइकीत आले आणि माझा हात धरला.

"चला."

"काहून?"

"चला म्हटलं ना, सुधीरभाऊ."

मला मशीनसमोर उभं केलं. छाती टेकवा, श्वास रोका, बस. आकाशाबद्दल एक शब्द नाही. मशीनपेक्षा त्यांच्या गप्प राहण्याचीच मला भीती वाटली. फिल्म निघाली, त्यांनी बॉक्सवर लावली, चष्मा पुसला, वरून खाली पाहिलं, पुन्हा खालून वर पाहिलं. मग स्टुलावर बसले.

"साफ हाये," म्हणाले. "डॉक्टरले दाखवू, पण साफ हाये." आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागले.

"मग एवढे कायले घाबरले तुम्ही?"

"भाऊ, इथं छातीत नको तिथं पांढरं दिसलं का समजाचं, काहीतरी बिघडलं. तिथं आभाळात उजेड दिसला का समजाचं, काहीतरी जन्मलं. म्हणून थे पाहत बसतो."

त्यांची बायको, शमीमभाभी, सहा वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली, एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"तिची फिल्म मीच काढली. डॉक्टरच्या आधी मले दिसलं. थे बाहेर बाकावर बसून होती. विचारे, कसा आला फोटो? मी म्हटलं, लय सुंदर आला."

माझी नजर बॉक्सवरच्या माझ्या फिल्मकडे गेली.

"खूश झाली," कादरभाई म्हणाले. "म्हणे, लगन झाल्यापासून पहिल्यांदा तुम्ही माहा फोटो काढला."