सासूबाईंची चटई आणि बारावी भिंत

"माझ्या पलंगाखालचं गाठोडं कुणी हलवलं?" फुआतिनोबाईंनी अगदी शांतपणे विचारलं. त्यांचा जावई योनाताना हातोडी उगारून होता, तो तसाच थांबला. सासूबाई ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

धाकट्या मेव्हणीचं लग्न दुपारवर आलं होतं. योनाताना मात्र महिनाभर स्वस्तातलं घर बांधण्यात गुंग होता. दोन पातळ फळ्या घ्यायच्या, मध्ये गावभरातून गोळा केलेले जुने कपडे ठासून भरायचे, झाली भिंत. ऊन आत येत नाही आणि पैसा बाहेर जात नाही. सासूबाईंना मुळात भिंत हा प्रकारच मंजूर नव्हता. सामोआत घर म्हणजे खांब, वर छप्पर आणि मधून वारा. "भिंत कशाला? लपवायचंय काय तुला?" असं त्या रोज विचारत.

आज उत्तर मिळालं होतं.

"कसलं गाठोडं, आई?"

"विटक्या चादरीतलं. माझ्या पणजीने विणलेली चटई आहे त्यात. आज वरपक्षाला द्यायची."

योनातानाने हातोडी हळूच खाली ठेवली. चार पिढ्यांची, रेशमासारखी मऊ चटई. ती न देता मुलगी पाठवली, तर गाव नातवंडांनासुद्धा ऐकवील. चादर त्याने उघडून पाहिलीच नव्हती. उलट गाठोडं घट्ट आहे, भिंत भक्कम होईल, म्हणून खूश झाला होता.

"कुठल्या भिंतीत घातलंस?"

"बारापैकी एका."

फोडाफोडी सुरू झाली, तसं बघायला गाव जमलं. पहिलीतून पाद्रीबाबांची ठिपक्यांची लुंगी निघाली.

"ही तर हरवली होती," पाद्रीबाबा म्हणाले.

"हरवली नव्हती. मी दिली," त्यांची बायको म्हणाली.

तिसरीतून चर्चच्या गायकमंडळाचे सतरा पांढरे झगे निघाले. त्यांच्या चोरीचा आळ मंडळाने दोन रविवार शेजारच्या गावावर घेतला होता. अकरावी फुटेपर्यंत निम्मं गाव आपापले कपडे ओळखून घरी घेऊन गेलं. चटई काही निघाली नाही.

"बारावी कुठाय?"

योनाताना खाकरला. "मंगळवारी पाठवली. नमुना म्हणून."

"कुणाकडे?"

"वरपक्षाकडे. त्यांनाही घर बांधायचंय."

दुपारी वरपक्षाच्या वतीने बोलणारा वक्ता रिवाजाप्रमाणे काठी टेकून उभा राहिला आणि वधूपक्षाच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला. फुआतिनोबाई उठल्या. चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"बाकीचे लोक चटया मिरवत आणतात. आमची इतकी जुनी, की तिला वारा सोसत नाही. म्हणून मंगळवारीच भिंतीत घालून पाठवली."

एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, हे कबूल करणं वक्त्याच्या धर्मात बसत नाही.

"आम्ही ओळखलंच होतं," तो म्हणाला. "म्हणून तर त्या भिंतीला कुणी टेकलंसुद्धा नाही. पण एका भिंतीचं घर होत नाही, बाई. बाकीच्या अकरा कधी येतात?"

"सोमवारपासून," सासूबाई म्हणाल्या. "जावई मोकळाच आहे."

संध्याकाळी योनाताना परतला, तेव्हा त्याच्या घराचे नुसते खांब आणि छप्पर उरलं होतं. मधून समुद्राचा वारा वाहत होता आणि सासूबाई मधोमध ऐसपैस आडव्या झाल्या होत्या.

"छान बांधलंस रे," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.