बिनगळाची कणीक

एकनाथराव पहाटे परातीत कणीक मळताना दिसले आणि कुसुमताई दारातच हबकल्या. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं परातीला हात लावलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्यातून कणकेत घरातलं शेवटचं तूप पडलेलं.

"माशांसाठी आहे," एकनाथराव म्हणाले. "नौकरीचा सवाल आहे, गप बसा."

सवाल खराच होता. ते कामाला असलेला हैदराबादचा पंख्यांचा कारखाना मुंबईच्या कंपनीनं घेतला होता आणि पुण्याहून आलेल्या पारसनीस साहेबांनी स्टोअरमधल्या चौदा जणांची स्वेच्छानिवृत्तीची यादी केली होती. पहिलं नाव एकनाथरावांचं. साहेबांना मात्र गळ टाकायचा भारी नाद. गंडीपेटच्या पलीकडच्या तलावावर रोहू मिळवून दिलात तर तुमच्या नावाचं बघू, असं ते बोलून गेले होते.

पण तो तलाव आता पूर्वीचा राहिला नव्हता. बाजारात परदेशी रिळं आल्यापासून दर रविवारी निम्मं हैदराबाद काठावर बसायचं. मासे पार शहाणे झाले होते. कडेकडेनं कणीक कुरतडायचे आणि गळ जसाच्या तसा सोडून जायचे. म्हणून एकनाथराव सोमवारपासून रोज कामावर जाण्याआधी काचीगुड्याहून स्कूटरनं तलावावर जाऊन एका कोपऱ्यात नुसतीच कणीक टाकू लागले. चौथ्या दिवशी मासे त्यांच्या पावलांच्या आवाजानं वर आले.

रविवारी साहेबांनी दोन तास रीळ फिरवलं. एक मासा फिरकला नाही. मग एकनाथरावांनी त्यांना आपल्या कोपऱ्यात नेलं, गळाला आपला गोळा लावून दिला आणि पाच मिनिटांत अडीच किलोचा रोहू बाहेर आला. साहेबांचा विश्वासच बसेना. त्या आनंदात एकनाथरावांची जीभ सैल सुटली.

"सहा दिवस नुसतं खाऊ घालायचं, साहेब. डर गेला की मग गळ."

साहेबांनी डायरी काढून ते लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी स्टोअरमध्ये गरम समोसे आले. आजवर साहेब निवृत्तीचे फॉर्म घेऊन आले की लोक त्यांचा चहा पिऊन 'घरी विचारतो' म्हणत सटकायचे. आता मंगळवारी उस्मानिया बिस्किटं आली, बुधवारी नवा पंखा; फॉर्म मात्र एकही नाही. शनिवारपर्यंत लोक साहेबांची वाट बघू लागले. माणूस दिलदार आहे, असं एकनाथरावच सगळ्यांना सांगत होते.

सोमवारी साहेबांनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर समोशांची थाळी होती आणि शेजारी तेरा फॉर्म.

"तुमचं नाव काढलंय," साहेब हसून म्हणाले. "आता एकेकाला हाक मारा. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

आपण हे काय करून बसलो, हे एकनाथरावांना त्या तेरा कागदांकडे बघताना कळलं. तरी नोकरीच्या भीतीनं त्यांनी हाक मारलीच. अठरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा उमाजी लगेच आत आला.

"तुम्ही बोलावलंत म्हणून आलो बघा," तो म्हणाला. "नाही तर या खोलीत कोण यायलंय?"

साहेबांनी थाळी पुढे केली आणि पेनाचं टोपण काढलं. एकनाथराव मध्येच बोलले.

"उमाजी, समोसा खा. सही नक्को करू."

उमाजीनं दोन समोसे उचलले आणि तो निघून गेला. साहेब आ वासून बघत राहिले. मग त्यांनी खणातून चौदावा फॉर्म काढला आणि एकनाथरावांसमोर सरकवला. एकनाथरावांनी थाळीतला एक समोसा घेतला, घरी विचारतो म्हणाले आणि तेही बाहेर पडले.